सिस्टमडी-रीडअहेड
सिस्टमडी-रीडअहेड ही लिनक्स संगणकाचा प्रारंभ जलद करणारी, आता बंद झालेली सेवा आहे. प्रारंभी उघडल्या जाणाऱ्या संचिकांची नोंद ती कर्नलच्या फॅनोटिफाय सुविधेद्वारे ठेवत असे आणि पुढील वेळी त्या चकतीवरील स्थानक्रमाने आधीच स्मृतीत वाचून घेत असे. फिरत्या हार्ड डिस्कमधील वाचनशीर्षाची ये-जा वाचवणे हाच तिचा खरा लाभ. एसएसडीत असे शीर्षच नसते.

सिस्टमडीच्या २१७व्या आवृत्तीतून (२०१४) ती वगळण्यात आली. विकासकांपैकी कोणीही फिरत्या चकत्या वापरत नाही व देखभालीस कोणी पुढे आले नाही, असे कारण देण्यात आले. जुन्या यंत्रांची अडचण मात्र तशीच राहिली. स्रोतसंहिता एलजीपीएल परवान्याखाली मुक्त असल्याने हा भाग वेगळा काढून संकलित करता येतो. ई४रॅट हे पर्यायी साधन संचिकांची चकतीवरील जागाच बदलते, परंतु ते केवळ एक्स्ट४ संचिकाप्रणालीवर चालते.