आधी आकाश, मग अँटेना

सकाळी सात, सुरतमधलं उधना. आज तापीकाठच्या पूरदरवाजांच्या जागांची नोंद करायची आहे. निघण्याआधी रगेड लॅपटॉपच्या जीपीएस अँटेना-जोडाला मल्टिमीटर लावतो. मधल्या पिनवर 3.3 व्होल्ट आहेत. अँटेनातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला याच जोडातून वीज मिळते. ती नसेल तर महागडा अँटेनाही मुका.

साडेआठ. खरं काम जीपवर. चालक धुळ्याकडचा. तो म्हणतो, ‘‘भाऊ, अँटेना डॅशबोर्डवरच राहू द्या ना, धूळ लागत नाही.’’ पण तिथून आकाश मोकळं दिसत नाही. आमच्या जीपला कापडी हूड, म्हणून वरच्या पाइपांवर वीतभर चौरस पत्रा बोल्टनं बसवला आणि मधोमध चुंबकी अँटेना ठेवला. आतली सिरॅमिक चकती जेमतेम अडीच सेंटिमीटरची; खाली धातूचा पत्रा असला की ती वरच्या आकाशाकडे नीट लक्ष देते. पाच मीटरची केबल दोन मीटरवर कापून नवा एसएमए जोड क्रिंप केला. जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्‌झवर अशी बारीक केबल मीटरमागे एक डेसिबलहून अधिक सिग्नल खाते. नको ती लांबी सीटखाली गुंडाळून कशाला ठेवायची?

साडेदहा, रिंग रोड. दोन्ही बाजूंना कापड मार्केटच्या उंच इमारती. उपग्रहाची लहर उजवीकडे फिरत येते. भिंतीवर आपटली की बहुतेक वेळा उलटी फिरते. चांगला अँटेना ही उलटी लहर बरीचशी नाकारतो, पण सगळी नाही. नकाशावरचा ठिपका पलीकडच्या गल्लीत सरकलाच. इथली एकही नोंद ठेवली नाही.

दुपारी एक, तापीचा बांध. आकाश मोकळं. लॅपटॉपच्या आतल्या अँटेनावर तेहतिशीत असलेला सिग्नलचा आकडा छतावरच्या अँटेनावर बेचाळीसच्या पुढे गेला. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं शहराचा मोठा भाग बुडाला होता. पुन्हा तशी वेळ आली तर रात्री, पावसात दरवाजा शोधणाऱ्याला ही नोंद थेट तिथंच न्यायला हवी.

पाच वाजता मगदल्ला बंदर. खाऱ्या हवेत जोड हिरवे पडतात, म्हणून जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळली.

साडेसात. नोंदी तपासल्या. जागा सांगायला ही जोडणी पुरेशी आहे; पूररेषेची उंची मात्र यावरून कधीही लिहू नका, त्यासाठी लेव्हल यंत्रच लावा.