संत्र्याच्या झाडांतील संप्रेरकें व रोगप्रतिकार

संत्रीं, मोसंबीं व कागदी लिंबें यांच्या बागाइतदारांस ‘हार्मोन’ हा शब्द आतां नवा राहिलेला नाहीं. आंबिया बहाराचीं फळें गळूं लागलीं म्हणजे जिबरेलिन फवारण्याचा प्रघात आहे. परंतु झाड डिंक सोडूं लागलें किंवा फांद्या शेंड्याकडून वाळूं लागल्या, तरीहि तशीच बाटली औषध म्हणून आणली जाते, आणि पुष्कळदां उधारीवर आणली जाते. म्हणून हीं द्रव्यें झाडांत कोणतें काम करितात व रोगाशीं त्यांचा संबंध काय, हें समजून घेणें अवश्य आहे.

झाडास मज्जातंतू नाहींत; तथापि मुळांची खबर शेंड्यास व पानाची खबर खोडास पोंचते. हें काम झाड स्वतःच अत्यल्प प्रमाणांत तयार करीत असलेलीं कांहीं द्रव्यें करितात. त्यांसच संप्रेरकें अथवा हार्मोन म्हणतात. ऑक्सिन व जिबरेलिन हीं मुख्यत्वें वाढीचीं होत. पाण्याचा ताण पडतांच ॲब्सिसिक आम्ल पानांचीं सूक्ष्म छिद्रें मिटवितें. इथिलीन वायूचा संबंध फळें पिकण्याशीं व पानें-फळें गळण्याशीं आहे. यांपैकीं जिबरेलिनचा पत्ता एका रोगावरूनच लागला. भाताचीं रोपें अवास्तव उंच वाढवून निकामी करणाऱ्या बुरशीच्या द्रवांतच वाढीचें द्रव्य आहे, असें इ. स. १९२६ मध्यें कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें दाखविलें.

रोगाशीं झगडण्याचें काम विशेषेंकरून दोन संप्रेरकांकडे आहे. जिवंत पेशींवर पोसणारा जंतु शिरला असतां सॅलिसिलिक आम्ल वाढतें. तें अ‍ॅस्पिरीनच्या जातीचेंच द्रव्य होय. इ. स. १९७९ मध्यें तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरीन टोंचलें असतां केवडा रोगाच्या विषाणूस तीं पानें अधिक दाद देईनाशीं झालीं, असें आढळलें. याच्या उलट, किडीनें पान कुरतडलें किंवा पेशी मारून खाणारी बुरशी लागली, तर जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन पुढें येतात. हे दोन मार्ग बहुधा परस्परांस आवरतात; एक चढला कीं दुसरा उतरतो. यास्तव एकच द्रव्य सर्व रोगांवर चालेल, ही समजूत मुळांतच चुकीची आहे.

शत्रूहि या संदेशांचा फायदा घेतो. लिंबावरील खैऱ्या रोगाचे जंतू पेशींत एक प्रथिन सोडून झाडाचीच वाढ करणारी यंत्रणा जागी करितात. त्यामुळें पानाफळांवर फुगीर खवले येतात. सिट्रस सायला या किडीनें पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा जंतु तर सॅलिसिलिक आम्लच मोडून टाकणारें विकर बाळगतो, असें इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांत हा रोग इ. स. २००५ मध्यें आढळला व तेथील संत्र्याचा धंदा त्यानें पार खालावला.

मग झाडाचा प्रतिकार बाहेरून जागवितां येत नाहीं काय? कांहीं अंशीं येतो. फ्लोरिडांत लहान झाडांच्या मुळांशीं तशीं द्रव्यें दिल्यानें खैऱ्या कमी झाला. परंतु तो रोगापूर्वीं करावयाचा बंदोबस्त आहे; सडलेलें मूळ त्यानें पुन्हां फुटत नाहीं. शिवाय प्रतिकार सदैव जागा ठेवल्यास झाडाची शक्ति वाढीवरून व फळांवरून उणी होते.

विदर्भांतील भारी काळ्या जमिनींत बागा मरतात त्या बहुतेक मूळकूज व डिंक्या यांनीं. या बुरशीचे बीजाणू पाण्यांत पोहून मुळांस गांठतात. त्यांवर जिबरेलिनचा उपाय नाहीं. पाणी चरांतून काढून द्यावें. दुहेरी आळें करून बुंध्यास पाणी लागूं देऊं नये. कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभराहून उंच राहील असें लावावें. जंबेरीपेक्षां रंगपूर लिंबाचा खुंट या बुरशीपुढें अधिक तग धरतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांचें बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वीं व नंतर खोडास लावावें.

महसूल खात्याच्या नोकरींत पीकपाहणीच्या वेळीं दप्तरांत फळबाग नोंदलेली व जागेवर मात्र वाळलेलीं खोडें, असा प्रकार प्रस्तुत लेखकानें अनेकदां पाहिला आहे. पांच-सहा वर्षें पोसल्यावर झाड फळास येतें; तें गेलें म्हणजे तितकीं वर्षें परत मिळत नाहींत. यास्तव बाटलीस पैसे देण्यापूर्वीं बागाइतदारानें बुंध्याजवळची माती उकरून एकवार मूळ पहावें, एवढीच विनंति आहे.