मोयामोया

गरम शेवयांच्या वाडग्यावर एखादे जपानी मूल फुंकर घालीत असते. एकाएकी त्याच्या हातातील काड्या गळून पडतात. हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. थोड्या वेळाने सारे पूर्ववत् होते. घरच्यांना वाटते, पोराने सोंग केले. पण हे सोंग नव्हे.

मानेच्या दोन्ही अंगांनी वर जाणाऱ्या रोहिण्या मेंदूच्या पुढील भागास रक्त पुरवितात. कवटीत जेथे त्यांना फाटे फुटतात, तेथेच या विकारात त्या हळूहळू अरुंद होत जातात. वाट कोंडली की शरीर आडवाटा शोधू लागते. मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. क्ष-किरण चित्रात ते धुराच्या विरळ लोटासारखे दिसते. जपानी वैद्यांनी १९५७ साली या विकाराचे वर्णन केले. सुझुकी व ताकाकू यांनी १९६९ साली त्यास 'मोयामोया', म्हणजे धूसर, हे नाव दिले. नाव ऐकून मुलांना हसू येईल. विकार मात्र हसण्याजोगा नाही.

फुंकरीचा येथे काय संबंध? जोरजोराने श्वास सोडला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व मेंदूतील वाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी मुलास फार तर भोवळ येईल. पण ज्याच्या मेंदूस आधीच मोजके रक्त मिळते, त्यास तेवढेही सोसत नाही. हुंदके देऊन रडल्याने किंवा बासरी वाजविल्यानेही हेच घडते. रडून उठलेल्या मुलाच्या हातून लेखणी गळाली, तर आम्ही शिक्षक तो हट्टच समजू! असे झटके वारंवार आल्यास मेंदूचा काही भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

अरुंद झालेली रोहिणी औषधाने रुंद होत नाही. म्हणून शस्त्रवैद्य निराळी युक्ती योजतात. कानापुढे बोट ठेवले असता जी नाडी उडताना लागते, ती डोक्याच्या कातडीस रक्त देणारी रोहिणी. कवटीस खिडकी पाडून ती मेंदूवरील वाहिनीस सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडतात. लहान मुलांत ही वाहिनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, कधी त्याहूनही बारीक. त्यामुळे पुष्कळदा न जोडता ती रोहिणी मेंदूच्या पृष्ठालगत नुसती अंथरून ठेवतात. पुढील काही महिन्यांत, वडाला पारंब्या फुटाव्यात तशा, तिच्यापासून नव्या वाहिन्या मेंदूत उतरतात.

निकामी झालेला भाग मात्र याने परत येत नाही. म्हणून निदान लवकर व्हावे लागते. पारंब्या रुजेपर्यंतचे दिवस नाजूकच. त्या काळात मुलास पाणी कमी पडू देत नाहीत, वेदना होऊ देत नाहीत आणि होता होईल तो रडू देत नाहीत.