घरच्या साठवण-पेटीतील मालकाचे फोल्डर : किल्ली एकाच्या हाती नको

आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचे हिशेब आता जाड खतावण्यांतून निघून संगणकात गेले आहेत. दुकान खाली, घर वर आणि धंदा दोन-तीन भावांचा, अशा ठिकाणी एक छोटी साठवण-पेटी घेण्याची पद्धतही रुळली आहे. या पेटीला 'नॅस' म्हणतात. तिच्यात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात. ती तारेने राऊटरला जोडली की घरातील सर्व संगणक आणि मोबाईल त्याच एका जागी बिले, डिझाईन, फोटो व हिशेब ठेवू शकतात. सोय चांगली आहे. पण तिच्यामुळे घरात गैरसमजही होतात, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

समजा, मालेगावात तीन भावांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. थोरल्या भावाच्या मुलाने पेटी आणली, बसवली आणि पुढे नोकरीसाठी आखातात गेला. एके दिवशी मधल्या भावाने आपल्या संगणकावर पेटी उघडली, तर त्याला स्वतःचे फोल्डर दिसले, 'हिशेब' नावाचे दिसेना. धाकट्याकडेही तेच. दोन दिवसांत घरात कुजबूज सुरू होते की, थोरल्याने हिशेब दडवला. खरे तर कोणी काही दडवलेले नसते, परवानगी दिलेली नसते इतकेच. भागीदारीत पैशाइतकाच विश्वास महत्त्वाचा असतो, आणि यंत्र न समजल्यामुळे तो जाणे हे मोठे नुकसान आहे.

पेटीला दारे दोन

पेट्या अनेक कंपन्यांच्या मिळतात. आम्ही येथे सिनॉलॉजी या कंपनीच्या पेटीचे उदाहरण घेतो. इतरांची रचना साधारण अशीच असली तरी बटणांची नावे वेगळी असतात.

पहिले दार कारभाराचे. ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, आणि त्यापुढे विसर्गचिन्ह देऊन ५००१ हा आकडा टाकला की कारभाराचे पान उघडते. कोण वापरणार, कोणाला काय दिसणार, हे सर्व येथे ठरते. दुसरे दार मालाचे. विंडोजमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा व तोच पत्ता लिहिला की फोल्डर दिसतात. पहिल्या दाराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', म्हणजे कारभारी म्हणतात.

येथे पुष्कळांची गल्लत होते. कारभारी झालो म्हणजे प्रत्येक फोल्डर आपोआप उघडेल, असे नाही. प्रत्येक सामायिक फोल्डरची परवानगी वेगळी असते. मात्र कारभारी ती परवानगी स्वतःला देऊ शकतो. त्यासाठी कारभाराच्या पानावर 'कंट्रोल पॅनेल', त्यात 'शेअर्ड फोल्डर', हवे ते फोल्डर निवडून 'एडिट' आणि मग 'परमिशन्स' असे जावे. तेथे प्रत्येक नावासमोर तीन खाने असतात : प्रवेश नाही, वाचणे व लिहिणे, फक्त वाचणे. हिशेबाच्या फोल्डरला भागीदारांना 'फक्त वाचणे' आणि हिशेब लिहिणाऱ्याला 'वाचणे व लिहिणे' दिले, तर वरचा तंटा उद्भवतच नाही.

फोल्डर यादीत न दिसण्याचे आणखी एक कारण असते. फोल्डर तयार करताना 'नेटवर्कच्या यादीत दाखवू नये' अशी खूण करता येते. असे फोल्डर गेलेले नसते. परवानगी असेल, तर पत्त्यापुढे त्याचे पूर्ण नाव लिहिताच ते उघडते.

'होम' आणि 'होम्स'

'युजर होम' ही सेवा चालू केली की प्रत्येकाला 'होम' नावाचे स्वतःचे खासगी फोल्डर मिळते. कारभाऱ्याला याशिवाय 'होम्स' नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात घरातील सर्वांची खासगी फोल्डरे असतात. म्हणजे कारभारी मनात आणील तर इतरांचे कागद पाहू शकतो. तेव्हा कारभार ही अमानत आहे, मालकी नव्हे. फायलींच्या ये-जा करण्याची नोंद ठेवण्याची सोय पेटीत असते. ती चालू करून घ्यावी आणि ती चालू आहे हे घरात सर्वांना सांगावे.

विंडोज अडवते तेव्हा

कधी पासवर्ड बरोबर असूनही विंडोज दार उघडत नाही. याचे नेहमीचे कारण असे की, विंडोज एकाच पेटीशी एकाच वेळी दोन नावांनी बोलत नाही. सकाळी मुलाच्या नावाने गाणी ऐकण्यासाठी जोडणी झाली असेल, तर दुपारी कारभाऱ्याच्या नावाने फोल्डर उघडू पाहताच १२१९ क्रमांकाची चूक दाखवली जाते. अशा वेळी 'कंट्रोल पॅनेल'मधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडावा, पेटीचे जुने नाव व पासवर्ड तेथून काढून टाकावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. मग हव्या त्या नावाने आत जावे.

रोजच्या कामाला कारभाऱ्याचे नाव नको

तिजोरीच्या किल्लीने कोणी रोज शटर उघडत नाही. तसेच रोजची बिले लिहिण्यासाठी साधे नाव वापरावे, कारभाऱ्याचे नाव फक्त कारभारापुरते. जुलै २०१९ मध्ये याच कंपनीच्या पेट्यांवर इंटरनेटवरून हल्ले झाले. हल्लेखोर 'अ‍ॅडमिन' या ठरावीक नावावर एकामागून एक पासवर्ड लावून पाहत, आणि दार उघडले की फायली कुलूपबंद करून खंडणी मागत. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या असंख्य पेट्यांतील फायली अशाच बंद करण्यात आल्या. तेथे तर पेटीच्या प्रणालीतील दोषाचा फायदा घेतला गेला होता. म्हणून 'अ‍ॅडमिन' हे खाते बंद ठेवून कारभाऱ्याला वेगळे नाव द्यावे, प्रणाली वेळोवेळी ताजी करावी आणि पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये. २०२१ मध्ये आलेल्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपासून पेटी बसवतानाच वेगळे नाव मागितले जाते आणि 'अ‍ॅडमिन' बंद राहते. जुन्या पेट्यांत मात्र ते आपण तपासून घ्यावे.

किल्ली हरवली तर

दुसरा कारभारी असेल, तर तो कारभाराच्या पानावरून पहिल्याला नवा पासवर्ड देऊ शकतो. दुसरा कोणीच नसेल, तर पेटीच्या मागे 'रिसेट' नावाचे बारीक छिद्र असते. त्यात पिन घालून सुमारे ४ सेकंद, एक 'बीप' ऐकू येईपर्यंत दाबून लगेच सोडावे. याने 'अ‍ॅडमिन' खात्याचा पासवर्ड पुसला जातो आणि नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीत येते. साठवलेला माल जात नाही. लगेच पुन्हा दाबू नये, कारण त्याचा अर्थ प्रणाली नव्याने बसवणे असा होतो. आत गेल्यावर नवे कारभारी नेमून 'अ‍ॅडमिन' पुन्हा बंद करावे.

दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर हा प्रयोग पुस्तिका वाचल्याशिवाय करू नये. काही ठिकाणी दीर्घ दाबाने सर्व वापरणाऱ्यांची नावे व परवानग्याही पुसल्या जातात. आणि जे फोल्डर सांकेतिक किल्लीने बंद केले आहे, त्याची किल्ली हरवली तर कोणताही कारागीर ते उघडू शकत नाही.

हेच बटण चोराच्याही हाती लागू शकते, हे ध्यानात ठेवून पेटी गल्ल्याजवळ उघडी न ठेवता कपाटात, पण हवा खेळती राहील अशी ठेवावी.

आजच करावयाची कामे

आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे की, पुढील चार गोष्टी या आठवड्यातच कराव्यात. एक, दोन विश्वासू माणसांना वेगवेगळ्या नावांनी कारभारी नेमावे. दोन, दोघांची नावे, पासवर्ड आणि सांकेतिक किल्ल्या कागदावर लिहून पाकीट बंद करून भागीदारीच्या कागदांसोबत ठेवावे. पासवर्डबरोबर मोबाईलवरचा आकडाही लागत असेल, तर तो मोबाईल कोणाचा हे पाकिटात लिहावे. फोन आखातात आणि पेटी मालेगावात, अशी स्थिती नको. तीन, कोणत्या फोल्डरवर कोणाला काय परवानगी आहे, याची यादी सर्व भागीदारांनी एकत्र बसून करावी. चार, हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या जागी ठेवावी. पेटीत दोन डिस्क आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकदमच जाते.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. 'पासवर्ड पुतण्याकडे आहे' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही. आणि अल्लाह न करो, कारभारी माणूसच उद्या राहिला नाही, तर त्याच्यामागे वारसांना व देणेकऱ्यांना हिशेब दाखवायचा असतो. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, हे त्या पेटीत बंद राहिले तर हक्क बुडतात आणि भाऊ भावाकडे संशयाने पाहतो. एक बंद पाकीट आणि दुसरा कारभारी, एवढ्याने हे टळते.