कर्जत नावाचे दोन तालुके

सकाळी ९
पावसाळा सुरू झाला की मेलमध्ये रोज जिल्ह्याजिल्ह्यांच्या एक्सेल फायली येऊन पडतात. आमची संस्था पुण्यात, काम शेती-पाण्याचं. हे पावसाचे आकडे ‘आर’ या संगणकभाषेत घेऊन त्यांचे आलेख नि नकाशे करायचे, हे माझं काम. मी दिवसभर आलेख काढत बसते असं लोकांना वाटतं. आलेख अर्ध्या तासात होतो, बाकीचा दिवस तक्ता वळणावर आणण्यात जातो.

आजच्या फायलीत वर मर्ज केलेल्या सेलमध्ये कार्यालयाचं नाव, खाली ‘एकूण’ची ओळ आणि मधे १ ते ३१ तारखांचे रकाने. जूनलासुद्धा ३१ वा रकाना आहे, रिकामा. माणसाला वाचायला हा तक्ता सोयीचा, पण आरला चालत नाही. त्याला एका ओळीत एक तालुका, एक तारीख, एक आकडा लागतो. म्हणून ‘पिव्हट लाँगर’ने आडवा तक्ता उभा करायचा आणि ३१ जूनला निरोप द्यायचा.

९.४५
तारखा. जुन्या फायलींत काही ठिकाणी तारखेच्या जागी ४५४७४ असा आकडा असतो. घाबरायचं कारण नाही. एक्सेल आतून दिवस मोजत असतं, हा १ जुलै २०२४ आहे. ०३/०७ जास्त त्रास देतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर त्याचा ७ मार्च होतो. १३/०७ मात्र तसाच मजकूर म्हणून राहतो, कारण तेरावा महिना नाही. महिन्याच्या पहिल्या बारा तारखा वर्षभर विखुरलेल्या दिसल्या की समजायचं.

१०.३०
सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. एका तालुक्यात रविवार रिकामा आणि सोमवारी ८६ मिलिमीटर. फोन लावला.

“मॅडम, रविवारी कोणी नव्हतं. सोमवारी एकदम मोजला.”

म्हणजे ८६ हा दोन दिवसांचा पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार. हा आकडा सोमवारच्या नावावर तसाच ठेवला तर न घडलेला मुसळधार दिवस अहवालात जाऊ शकतो. महिन्याच्या बेरजेत ८६ बरोबर आहे, मुसळधार दिवसांच्या मोजणीत नाही. शेजारी नवा रकाना केला, ‘किती दिवसांचा’, त्यात २. आणि कोडमध्ये फोनवरचं बोलणं टिपण म्हणून लिहिलं. एक्सेलमध्ये माऊसने केलेला बदल कोणी, कधी, का केला ते कळत नाही. कोडमध्ये ते लिहिलेलं राहतं. मला आर आवडतं ते मुख्यतः यासाठी.

नवीन आलेला मुलगा शेजारी बसून हे बघत होता. “ताई, रिकाम्या जागी सरळ शून्य टाकलं तर?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर देण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं. आरमध्ये सरावासाठी काही तक्ते तयारच असतात. त्यातला एक न्यूयॉर्कच्या हवेचा, मे ते सप्टेंबर १९७३, दिवस १५३. त्यात ओझोनच्या ३७ नोंदी नाहीत. ओझोनची सरासरी मागितली की आर आकडा देतच नाही, ‘एनए’ म्हणतं. उरलेल्या ११६ दिवसांची सरासरी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. मग मी ३७ जागी शून्य टाकून दाखवलं. सरासरी पाव हिश्श्याने खाली आली, हवा बसल्या जागी स्वच्छ झाली. तो हसला आणि स्वतःच्या फायलीकडे वळला.

१२
जोडणी, म्हणजे पावसाचा तक्ता तालुक्यांच्या यादीशी ‘लेफ्ट जॉइन’ करायचा. इथे महाराष्ट्राचा भूगोल आडवा येतो. कर्जत दोन आहेत. एक रायगडचा, ज्यात माथेरान येतं. दुसरा अहिल्यानगरचा, राशीनकडचा, जिथे लोक ढगांकडे बघत बसतात. खेड पुण्यात आहे नि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकला तसं वाशीमला. नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडलं की दोन कर्जतांच्या चार ओळी होतात आणि कोरडवाहू कर्जतवर सह्याद्रीचा पाऊस कोसळतो. आर हल्ली इशारा देतं, पण लाल अक्षरं दिसली की लोक नजर वळवतात. जिल्हा आणि तालुका दोन्ही मिळून जोडायचं, शक्यतो सांकेतिक क्रमांकावर.

जिल्ह्यांचीही तीच तऱ्हा. जुन्या तक्त्यांत उस्मानाबाद, नव्यांत धाराशिव. नुसतं नाव बदललं असेल तर एका यादीने काम भागतं. पालघरचं तसं नाही. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे आधीचा ठाणे आणि नंतरचा ठाणे हे एक नव्हेत. तीस वर्षांचा आलेख हवा तर तालुक्यांपासून दोन्ही पुन्हा बांधावे लागतात. हे करताना जेवण हमखास लांबतं.

२.३०
न पटणारे आकडे. ४१२ मिलिमीटर, आजूबाजूला सगळीकडे चाळीसच्या आसपास. दशांश चिन्ह गळलं असणार, तरी विचारायचं. असे आकडे आपोआप वगळणारा नियम दोन ओळींत लिहिता येतो. मी लिहीत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली, त्याच वेळी कुलाब्याला ७३. तसा नियम असता तर सांताक्रूझ पहिल्या झटक्यात उडालं असतं.

४
चहा, मग आलेख. आरच्या ‘जीजीप्लॉट’मध्ये तक्ता द्यायचा, आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय ते सांगायचं आणि थर चढवत जायचं. पहिल्याच चित्रात महिने आले ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. आरने अक्षरांच्या क्रमाने लावले, त्याला मृग-आर्द्रा काय माहीत. क्रम ‘फॅक्टर’ करून द्यावा लागतो. पीडीएफमध्ये जोडाक्षरं सुटली, ‘जिल्हा’ची वेलांटी भलत्याच जागी. ‘रॅग’ नावाचं पॅकेज वापरून पीएनजी चित्र काढलं की देवनागरी नीट उमटते. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकात ही भाषा केली तेव्हा ‘त्र्यंबकेश्वर’ छापायची वेळ त्यांच्यावर आली नसणार.

६.१५
सरांचा निरोप: “पेपरवाल्यांना एकच आकडा हवाय. जिल्ह्याची सरासरी द्या.”

दिली. त्याच ओळीत सर्वांत ओला तालुका, सर्वांत कोरडा तालुका आणि किती नोंदी आल्याच नाहीत, हेही टाकलं. छापताना कापतील बहुतेक.