श्रद्धेची गुंतवणूक: सल्लागार काय देतो, काय देत नाही

ज्या घरात सिगारेटचे पाकीट आलेले चालत नाही, त्या घरातली एसआयपी अनेकदा निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात जात असते. त्या पन्नास कंपन्यांत आयटीसी आहे, म्हणजे तंबाखूही आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसते आणि ठाऊक असणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे काही वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आपल्या धर्माच्या किंवा मूल्यांच्या चौकटीत राहून गुंतवणूक करण्याची एक वाट आहे आणि त्या वाटेवर मार्गदर्शन करणारे सल्लागारही आहेत. मात्र हा सल्लागार नेमके काय करतो, याविषयी गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज १: हा प्रकार मुसलमानांपुरता आहे, किंवा अमेरिकेतून आलेली नवी फॅशन आहे.

वस्तुस्थिती: कोणत्या धंद्यातला पैसा घ्यायचा नाही, याची यादी जवळपास प्रत्येक धर्माने फार पूर्वीच केली आहे. पाली अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष. जैन श्रावकाचारात पंधरा कर्मादाने आहेत. त्यांत कोळसा पाडण्यासारखे अग्नीचे उद्योग, जंगलतोड, हस्तिदंताचा आणि विषाचा व्यापार येतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांच्या खरेदी-विक्रीत भाग घेणाऱ्या सदस्यांवर निर्बंध घातले. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्याच शतकात पैशाच्या वापरावर प्रवचन दिले. शेजाऱ्याचे नुकसान करून कमावू नये, हा त्यातला एक मुद्दा होता. पुढे १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धातून नफा मिळवणाऱ्या कंपन्या टाळणारा पॅक्स वर्ल्ड हा फंड अमेरिकेत निघाला, तोही दोन मेथॉडिस्ट धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने.

भारतात शरियासंमत फंड जास्त ठळकपणे दिसतात, याचे कारण व्यावहारिक आहे. इस्लामी अभ्यासकांनी नियम आकड्यांत बसवले. आकड्यांत बसलेल्या नियमाचा निर्देशांक करता येतो आणि निर्देशांकाचा फंड. निफ्टी ५० शरिया आणि निफ्टी ५०० शरिया हे निर्देशांक आहेत, टॉरस एथिकल आणि टाटा एथिकल हे फंड आहेत. ते कोणत्याही धर्माच्या माणसाला घेता येतात. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विचारांवर आधारलेले ‘धर्म’ निर्देशांक डाऊ जोन्सने २००८ मध्ये काढले होते, पण तशा फंडांची बाजारपेठ इथे तयार झाली नाही.

गैरसमज २: काय चालते आणि काय चालत नाही, हे सल्लागार ठरवतो.

वस्तुस्थिती: इथे तीन वेगवेगळी कामे आहेत. नियम सांगणे हे धर्माच्या अभ्यासकांचे काम. कंपनीचा ताळेबंद त्या नियमाला लावून पाहणे हे छाननी करणाऱ्या संस्थेचे काम. निफ्टीच्या शरिया निर्देशांकांसाठी ते मुंबईच्या ‘तासिस’ या संस्थेने केले आहे. तुमचे वय, उत्पन्न, कर्ज, मुलांचे शिक्षण आणि जोखीम पेलण्याची ताकद पाहून छाननीतून उरलेल्या पर्यायांपैकी काय आणि किती घ्यायचे, हे सांगणे सल्लागाराचे काम.

सेबीचे गुंतवणूक सल्लागारांविषयीचे नियम २०१३ सालचे आहेत. त्यांत शिक्षण, एनआयएसएम या रोखे बाजारविषयक शिक्षणसंस्थेच्या परीक्षा, ग्राहकाच्या जोखमीची तपासणी आणि हितसंबंध उघड करण्याची सक्ती आहे. धर्मशास्त्राची परीक्षा नाही. म्हणजे सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार ‘धार्मिक बाबतीत प्रमाणित’ असतो, असे समजण्याला काहीच आधार नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते महाराष्ट्रातल्या साखर उद्योगाकडे पाहिले की कळते. कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघालेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तेल कंपन्यांकडे जाते, औषध कारखान्यांकडे जाते आणि मद्य बनवणाऱ्यांकडेही जाते. मग मद्य वर्ज्य मानणाऱ्याने साखर कंपनीचा शेअर घ्यावा का? कोणत्या ग्राहकाला किती माल विकला, हे सल्लागार वार्षिक अहवालातून जमेल तितके शोधून देईल. पण मद्याकडे जाणारा वाटा पाच टक्के असेल तर चालेल का, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. जैन श्रावकाला औष्णिक वीज कंपनी चालते का, हा प्रश्नही तसाच आहे. कर्मादानांची यादी शब्दशः लावली तर वीज, खाणी, लाकूड, तेलगिरण्या सगळेच बाद होते. सैल लावली तर काहीच बाद होत नाही. रेषा कुठे ओढायची, हे गुंतवणूकदाराने आपल्या गुरूंना, अभ्यासकांना किंवा स्वतःच्या विवेकाला विचारायचे असते.

गैरसमज ३: छाननीचा शिक्का बसला की कंपनी पूर्ण शुद्ध आणि कायमची शुद्ध.

वस्तुस्थिती: शिक्क्याचा अर्थ ‘ठरवलेल्या मर्यादेच्या आत’ एवढाच असतो. शरियात व्याज वर्ज्य असले तरी तासिसच्या निकषांत व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत चालते. बहारीनमधल्या ‘आयोफी’ या मानक संस्थेची कर्जाची मर्यादा ३० टक्के आहे, पण ती बाजारमूल्याच्या तुलनेत मोजतात. एस अँड पीचे शरिया निर्देशांक ३३ टक्क्यांपर्यंत जातात. त्यामुळे तीच कंपनी एका यादीत असते आणि दुसऱ्या यादीत नसते. कंपनीने पुढच्या तिमाहीत मोठे कर्ज काढले, तर पहिल्या यादीतूनही बाहेर पडते. बाजारमूल्य हा छेद असेल, तर कर्ज तेवढेच राहूनही नुसता भाव पडल्यामुळे कंपनी बाद होऊ शकते.

मर्यादेच्या आत राहिलेल्या व्याजाचे काय करायचे, यालाही नियम आहे. कंपनीच्या उत्पन्नात २ टक्के वाटा व्याजाचा असेल आणि तुम्हाला १,००० रुपये लाभांश मिळाला, तर त्यातले २० रुपये दान करून टाकायचे. हे शुद्धीकरण झाले. ते जकात या अनिवार्य धार्मिक दानात धरत नाहीत. हा हिशेब करून देणे हे सल्लागाराचे काम आहे. बरेच जण तो मागतच नाहीत.

शिक्क्यावर विसंबण्याचा फटका मोठ्या संस्थांनाही बसला आहे. जुलै २०१३ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या चढ्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देणाऱ्या कंपनीविरुद्ध मोहीम जाहीर केली. लगेचच बातमी आली की चर्च ऑफ इंग्लंडचे सुमारे ७५ हजार पौंड एका व्हेंचर फंडामार्फत वोंगातच गुंतलेले आहेत. चर्चकडे १९९४ पासून नैतिक गुंतवणुकीचे सल्लागार मंडळ होते, लेखी धोरणही होते. तरी फंडाच्या पोटातली कंपनी सुटली. तिथून बाहेर पडायला चर्चला सुमारे वर्ष लागले.

गैरसमज ४: ईएसजी फंड घेतला की वेगळा विचार करायची गरज नाही.

वस्तुस्थिती: ईएसजी मानांकन मुख्यतः हे पाहते की पर्यावरण, समाज आणि कारभार यांतून कंपनीच्या धंद्याला असलेला धोका ती कितपत सांभाळते. धंदा कोणता आहे, याचा निवाडा ते बहुधा करत नाही. एमएससीआय या मानांकन देणाऱ्या कंपनीने आयटीसीला सलग काही वर्षे ‘डबल ए’ हे वरचे मानांकन दिले. पाणी, वनीकरण आणि कचरा यांतले कंपनीचे काम पाहता ते अनाकलनीय नाही. पण तंबाखू नको असलेल्याच्या ते काही कामाचे नाही. चांगल्या कारभाराची बँक ईएसजीत वर असते, शरियात मात्र बसतच नाही. कॅथलिक गुंतवणूकदार औषध कंपनीकडे पाहताना गर्भपाताच्या औषधांचा विचार करतो, जैन गुंतवणूकदार प्राण्यांवरच्या चाचण्यांचा. एकाच शेअरला लावलेले हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

गैरसमज ५: नको त्या कंपन्या गाळल्या की काम संपले.

वस्तुस्थिती: गाळणे हे अर्धेच काम आहे. भागधारक म्हणून आत राहून कंपनीला जाब विचारणे हे उरलेले अर्धे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सपुढे ठराव मांडला: वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद करा. ठराव सपाटून पडला. पण त्याच वर्षी कंपनीच्या संचालक मंडळावर आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक लिऑन सुलिव्हन यांनी त्याला उघड पाठिंबा दिला. पुढे १९७७ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या कंपन्यांसाठी आचारसंहिता मांडली आणि १९८६ मध्ये जनरल मोटर्सने दक्षिण आफ्रिका सोडत असल्याचे जाहीर केले.

भारताशी जोडलेले उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचे आहे. डोंगरिया कोंध आदिवासींच्या पवित्र डोंगरावरच्या नियोजित बॉक्साइट खाणीवरून चर्च ऑफ इंग्लंडने वेदांता रिसोर्सेसशी आधी चर्चा केली. समाधान झाले नाही तेव्हा सल्लागार मंडळाच्या शिफारशीवरून फेब्रुवारी २०१० मध्ये शेअर विकले. खाण चर्चने थांबवली असे नाही. ती थांबली पर्यावरण मंत्रालयाचा नकार, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आणि त्यानंतर बारा ग्रामसभांनी दिलेला नकार यांमुळे. तरी लंडनच्या बाजारात कंपनीला त्या डोंगराविषयी उत्तरे द्यावी लागली.

किरकोळ गुंतवणूकदार ठराव मांडू शकत नसेल, पण आपला फंड कंपन्यांच्या सभांमध्ये कसे मतदान करतो, हे पाहू शकतो. म्युच्युअल फंडांना ते जाहीर करावे लागते. सल्लागाराकडून ती माहिती मागून घ्यावी.

गैरसमज ६: तत्त्वाने गुंतवणूक केली की परतावा कमीच. किंवा, पुण्याचा पैसा म्हणून जास्तच.

वस्तुस्थिती: दोन्ही दावे टिकत नाहीत. हाँग आणि काचपेर्चिक या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवले की अमेरिकेत दारू, तंबाखू आणि जुगाराच्या शेअरनी दीर्घकाळ सरस परतावा दिला, कारण अनेक संस्था ते टाळत असल्याने ते स्वस्तात मिळत. उलट ईएसजीवरच्या दोन हजारांहून अधिक अभ्यासांचा २०१५ चा आढावा सांगतो की त्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत नुकसान दिसले नाही.

खरा फरक परताव्याच्या चढउतारात पडतो. निफ्टी ५० मध्ये एक तृतीयांशाहून अधिक वजन बँका आणि वित्त कंपन्यांचे आहे. शरिया फंडात ते जवळपास शून्य. त्यांची जागा आयटी, औषधे आणि रोजच्या वापराच्या वस्तू घेतात. बँका कोसळतात तेव्हा हा फंड तग धरतो. बँका धावतात तेव्हा मागे पडतो. हे आधी सांगून ग्राहकाची तयारी करणे हे सल्लागाराचे कर्तव्य आहे. जो ते न सांगता ‘बरकत’ किंवा ‘पुण्याई’ यांची भाषा करतो, तो सल्ला देत नसून माल विकतो आहे.

गैरसमज ७: आपल्या धर्माचा, आपल्या ओळखीचा सल्लागार म्हणजे पैसा सुरक्षित.

वस्तुस्थिती: धर्माच्या नावावरची फसवणूक बहुधा ओळखीतूनच होते. बंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायजरी ही कंपनी ‘हलाल’ नफ्याच्या नावाने पैसे गोळा करत होती. नावातच सल्ला होता. जून २०१९ मध्ये ती बुडाली आणि हजारो कुटुंबांची बचत गेली. हे एकाच धर्मात घडते असेही नाही. १९९९ मध्ये बाप्टिस्ट फाउंडेशन ऑफ अॅरिझोना दिवाळखोरीत गेले आणि सुमारे अकरा हजार श्रद्धाळूंचे पैसे अडकले. त्यांत अनेक वृद्ध होते. हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या कंपनीने नंतर २१.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

तपासण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ‘एआरएन’ असलेला माणूस म्युच्युअल फंडाचा वितरक असतो. त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही, पण त्याचे बोलणे ऐकताना ते लक्षात असावे. नोंदणीकृत सल्लागार शुल्क तुमच्याकडून घेतो आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे: ठरावीक रक्कम असेल तर एका कुटुंबाला वर्षाला १ लाख ५१ हजार रुपये. त्याच कुटुंबाला तो कमिशनवर योजना विकू शकत नाही. आणि खात्रीच्या परताव्याचे आश्वासन दोघांपैकी कोणीही देऊ शकत नाही.

गैरसमज ८: देवस्थानाचा पैसाही सल्लागाराच्या सांगण्यावरून ‘नैतिक’ शेअरमध्ये घालता येतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नुसार न्यासाचा शिल्लक पैसा बँका, टपाल बचत, सरकारी रोखे यांसारख्या ठरवून दिलेल्या जागीच ठेवावा लागतो. वेगळे काही करायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. आयकरातली सवलतही ठरलेल्या गुंतवणूक प्रकारांशी बांधलेली आहे. विश्वस्ताचा हेतू कितीही चांगला असो, ही चौकट मोडली तर तो अडचणीत येतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चची उदाहरणे इथल्या विश्वस्तांना जशीच्या तशी लागू होत नाहीत, ती यामुळे.

मग सल्लागाराकडे जाताना काय न्यावे?

एक कागद. त्यावर आपल्याला कोणते धंदे नकोत, त्यातला किती टक्के वाटा चालेल, शंका आली तर कोणाचे मत अंतिम आणि तत्त्वासाठी किती कमी परतावा सोसायची तयारी आहे, हे लिहावे. नवरा-बायकोची उत्तरे वेगळी आली तर ते आधी घरात मिटवावे. ही यादी वर्षातून एकदा फंडातल्या प्रत्यक्ष कंपन्यांशी ताडून पाहायला सांगावे, कारण कंपन्या धंदा बदलतात आणि फंड कंपन्या बदलतात. अशा बैठकीत एखाद्या प्रश्नावर सल्लागार म्हणाला, ‘हे मी ठरवणार नाही, तुमच्या गुरुजींना विचारून या,’ तर निराश होऊ नये. आपले काम कुठे संपते हे त्याला कळते, एवढाच त्याचा अर्थ.