मारेकऱ्यालाही खरंच सांगायचं?

जिवाच्या भीतीने पळालेला मित्र तुमच्या घरात लपला आहे. मागोमाग आलेला मारेकरी दारात उभा राहून विचारतो, ‘तो आत आहे का?’ बहुतेक जण बेधडक ‘नाही’ म्हणतील. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने मात्र १७९७च्या एका निबंधात ठामपणे सांगितलं, की इथेही खोटं बोलता येणार नाही. सत्य ऐकण्याचा ज्याला हक्क आहे, त्याच्याशीच खरं बोलायला आपण बांधलेले आहोत, असा आक्षेप बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताने घेतला होता. कांट बधला नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तोवर मित्र मागच्या मागे निसटला आणि वाटेत नेमका मारेकऱ्याला सापडला, तर दोष तुमच्याकडेही येईल, असं त्याचं उत्तर होतं.

कर्तव्यवादी नीतिविचार हटवादी वाटतो तो इथेच. पण त्याची मूळ कल्पना साधी आहे. कृती योग्य की अयोग्य, हे निव्वळ परिणामांवरून ठरत नाही. ती ज्या नियमाने केली तो नियम सर्वांनी पाळावा असं म्हणता येईल का, ही कसोटी. १७८५च्या ग्रंथात कांटने उदाहरण दिलं ते कर्जदाराचं. फेडता येणार नाही हे ठाऊक असूनही तो ‘परत करीन’ म्हणून पैसे उचलतो. सगळेच असं वागू लागले, तर वचनावर विश्वास कोण ठेवेल? इतरांनी वचन पाळावं आणि सूट फक्त मला मिळावी, असा हा हिशेब आहे. शिवाय सावकाराला यात निव्वळ साधन म्हणून वापरलं जातं.

महाभारताच्या कर्णपर्वात याच पेचाची दुसरी बाजू दिसते. सदैव सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला कौशिक, जीव वाचवायला रानात शिरलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांना दाखवतो. ते लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी सत्याच्या अशाच अपवादांचा ऊहापोह केला, कांटचीही दखल घेतली.

कांटचा नियम हवा आणि कौशिकासारखी गत नको, यातून वाट काढली ती डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९३०मध्ये. वचन पाळणं, कृतज्ञता, न्याय, कुणाला इजा न करणं अशी आपली कर्तव्यं अनेक आहेत; ती एकमेकांना आडवी आली, की त्या प्रसंगी कोणतं वजनदार ते तारतम्याने ठरवावं लागतं. मात्र मागे सारलेलं कर्तव्य रद्द होत नाही. अपघातातल्या जखमीला मदत करताना कुणाला दिलेली वेळ चुकली, तरी त्याची भरपाई करणं आपल्याकडे उरतंच.

मग अपवाद खरा की सोयीचा, हे ओळखायचं कसं? तो कुणाच्या पदरात पडतो ते पाहावं. मारेकऱ्याशी खोटं बोलण्यात बोलणाऱ्याचा फायदा नाही, उलट जोखीम आहे. कर्जदाराचं खोटं त्याच्याच खिशासाठी. आणि कौशिकाचं सत्य? तेही त्याच्या व्रतासाठी, स्वतःचं पुण्य राखण्यासाठी होतं. म्हणून नियम मोडतानाच नव्हे, पाळतानाही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.